बहात्तरावा हिस्सा

मराठी माणसासमोर नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की दुष्काळ उभा राहतो. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडीसाठी लागलेल्या रांगा. विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांची जमात मात्र हाच आकडा ऐकला की खुलते. त्यांच्या खोक्यांवर तो छापलेलाच असतो : १/७२. म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा हिस्सा. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच होता. बहात्तराने भागलं की साडेपंधरा सेंटिमीटरच्या जरा वर भरतो, पोस्टकार्डापेक्षा बोटभर लांब. ही चिमुकली लढाऊ विमानं जोडता जोडता मला बरीच वर्षं एक कोडं पडलं होतं. सत्तर नाही, पंचाहत्तर नाही, सरळ शंभरसुद्धा नाही, मग हे बहात्तरच कुठून आलं?

उत्तर इंचाच्या घरचं आहे. १९३२ साली लंडनच्या ए. जे. हॉलाडे कंपनीने ‘स्कायबर्ड्स’ नावाचे संच बाजारात आणले. त्यांची आखणी जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थांची. खोक्यात लाकडाचे ओबडधोबड तुकडे, धातूचे काही बारीक भाग आणि एक नकाशा. कानस, पॉलिश पेपर आणि संध्याकाळचा मोकळा वेळ गिऱ्हाइकाने आपल्या घरचा आणायचा. स्टीव्हन्सने धरलेलं माप म्हणजे सहा फुटांना एक इंच. फुटाचे बारा इंच, असे सहा फूट, झाले बहात्तर. सहा फूटच का? तर धडधाकट माणूस सहा फुटी धरला की त्याचा पुतळा बरोबर एक इंचाचा होतो आणि विमानाशेजारी उभा करता येतो. माप ठरलं माणसाच्या उंचीवरून, विमान त्याच्या मागून आलं.

सगळ्याच मापांचं कूळ इतकं खानदानी नसतं. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या, म्हणून त्या मावतील एवढा रणगाडा केला. नंतर मोजून पाहिलं तर तो मूळच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला. आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृती १/३५ मापात होतात, त्या या बॅटऱ्यांच्या कृपेने.

स्कायबर्ड्सनंतर चार वर्षांनी लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली. रबराच्या पिळावर उडणारी खेळण्यातली विमानं करणारी ‘फ्रॉग’ नावाची एक ब्रिटिश कंपनी होती. ‘फ्लाइज राइट ऑफ ग्राउंड’, जमिनीवरून थेट उडतं, या शब्दांच्या आद्याक्षरांतून तो बेडूक निघाला होता. १९३६ साली तिने सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे सुटे भाग असलेले संच काढले. ही विमानं उडणारी नव्हती, नुसती मांडून ठेवायची होती. त्यामुळे त्यांचं नाव ठेवलं ‘पेंग्विन’, पंख असून न उडणारा पक्षी. बारशाला असा विनोद करणारी माणसं मला आवडतात. माप अर्थात तेच, १/७२. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची खोड अशी की ते वर्षं गेली की आक्रसतं, वाकतं. त्यामुळे त्या पिढीतली बरीच विमानं आज पंख लोंबलेल्या अवस्थेत संग्राहकांच्या कपाटांत बसलेली आहेत.

इथपर्यंत हा शाळकरी पोरांचा आणि हौशी बापांचा कारभार होता. त्याला सरकारी काम लागलं ते युद्धात.

६ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झालेले. शत्रूची विमानं येत आहेत अशी खोटी वर्दी सकाळी आली आणि नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमानं उडाली. ती पाहून यंत्रणेला आणखी शत्रू दिसले, म्हणून हॉर्नचर्चहून ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची स्पिटफायर सोडण्यात आली. त्यांनी समोर दिसलेल्या दोन विमानांवर झडप घालून ती पाडली. दोन्ही हरिकेन होती. माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक त्यात गेला. त्या युद्धात मारला गेलेला ब्रिटनचा तो पहिला लढाऊ वैमानिक, आणि मारणारे त्याच्याच बाजूचे. ज्या स्पिटफायरचे पुढे पोवाडे गायले गेले, त्याची पहिली शिकार ही अशी. शत्रूचं एकही विमान त्या सकाळी तिथे आलेलं नव्हतं. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर लष्करी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. नियंत्रण कक्षाचा घोळ मोठा होताच. पण घोळाच्या शेवटच्या टोकाला एक माणूस दुसऱ्या विमानाकडे बघत होता आणि ते आपलं आहे हे त्याला ओळखू आलं नव्हतं.

अशा चुका कुणा एकाच्या नव्हत्या. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्याच रात्री ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू जहाजावरची सहा वाइल्डकॅट विमानं तिथे उतरायला आली, तेव्हा धास्तावलेल्या अमेरिकी तोफांनी आपल्याच विमानांवर मारा केला.

अशा चुका टळाव्यात, विमान आपलं की परकं हे ओळखायला शिकवता यावं म्हणून पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशातल्या शाळांकडे एक मागणी नोंदवली. पन्नास प्रकारची विमानं, प्रत्येकाचे दहा हजार नग, एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती. आपली, दोस्तांची आणि शत्रूची, सगळी. माप १/७२. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत पोरं रंधा आणि कानस घेऊन बसली. आकार पुठ्ठ्याच्या साच्याशी ताडून पाहिला जाई, आणि पुरेशी विमानं उतरवणाऱ्या पोराला कॅडेटचा हुद्दा आणि प्रमाणपत्र मिळे. तयार विमान सगळं काळं रंगवायचं. त्यावर चिन्ह नाही, खिडकीची रेघ नाही, आकडा नाही.

काळंच का, हे एकदा आकाशाकडे पाहिलं की कळतं. उजेडासमोरून जाणाऱ्या विमानाचा रंग दिसत नाही, दिसते ती आकृती. स्पिटफायरचा पंख लंबगोल, टोकाकडे निमुळता होत जाणारा. हरिकेनचा पंख जाड आणि कडा सरळ, पाठीला कुबड. हरिकेनचा रेडिएटर पोटाच्या मधोमध, सुरुवातीच्या स्पिटफायरचा एका पंखाखाली. शिकाऊ तोफची आणि निरीक्षक हे असं डोळ्यांत भरून घेत. बहात्तरावा हिस्सा इथे हिशोबालाही सोयीचा पडला. पस्तीस फुटांवर टांगलेलं काळं विमान डोळ्याला जेवढं दिसतं, तेवढंच खरं विमान २५२० फुटांवरून, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या जरा पलीकडून दिसतं. शाळेचा एक लांबट हॉल असला की आकाश झालं.

युद्ध संपलं. ही सगळी कौशल्यं, साचे आणि आकाशाकडे बघून बघून विमानवेडी झालेली एक अख्खी पिढी मोकळी झाली. तिच्यावर पुढे ज्यांनी घर बांधलं त्यात सगळ्यांत गाजलं नाव एअरफिक्सचं. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ साली ही कंपनी काढली ती हवा भरलेल्या रबरी खेळण्यांसाठी. नावातली ‘एअर’ ती ही. विमानाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. युद्धानंतर त्यांनी प्लास्टिकचे कंगवे केले, मग एका ट्रॅक्टर कंपनीसाठी जाहिरातीचा छोटा ट्रॅक्टर, मग १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज. ते वूलवर्थच्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीत दोन शिलिंगांना मिळे. त्यानंतर आलं पहिलं स्पिटफायर. त्याच्या अंगावरच्या ‘बी टी के’ या अक्षरांवरून जुने लोक त्याला आजही ओळखतात, आणि आकार किती फसला होता त्यावर मनसोक्त हसतात. पण पोरांनी ते उचललं.

माझं पहिलं विमान एअरफिक्सचं स्पिटफायरच, मामाने परदेशातून आणलेलं. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले राखाडी भाग मी कात्रीऐवजी दातांनी तोडले. वैमानिकावरच्या पारदर्शक छतावर डिंकाचा अंगठा उमटला तो उमटलाच. त्या विमानाच्या पंखांवर हारीने उठलेले टिपके होते. मला वाटे, केवढं बारीक काम!

ते टिपके म्हणजे रिबिटांची डोकी. आणि इथे एक गंमत आहे. १९३७ साली स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर एक प्रयोग झाला. पत्र्यात बसवलेली सपाट रिबिटं करायला वेळखाऊ आणि महाग, उंच डोक्याची स्वस्त. उंच डोक्याने वेग किती घटतो ते पाहायचं होतं. म्हणून सपाट रिबिटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे डिंकाने चिकटवले आणि विमान उडवलं. वेग ताशी २२ मैलांनी, म्हणजे जवळपास ३५ किलोमीटरनी पडला. मग एकेका भागावरचे दाणे काढत काढत ठरवण्यात आलं की सपाट रिबीट कुठे हवंच आणि कुठे उंच डोकं चालेल. पंखांवरची रिबिटं सपाटच राहिली. म्हणजे टिपक्याटिपक्यांच्या पंखांचं एअरफिक्सचं विमान खऱ्याशी जुळायचं असेल तर ते डाळ लावलेल्या त्या एकाच विमानाशी.

हौशी मंडळींची नजर इथून बदलत गेली. तोफच्याला आकृती पुरत होती. आकृती सगळ्यांचीच बरोबर येऊ लागली तेव्हा स्पर्धा कातडीवर आली. आधी कानशीने ते टिपके घासून टाकायचे, सांध्यात लांबी भरून तो नाहीसा करायचा. चौकटीचं उरलेलं प्लास्टिक मेणबत्तीवर धरून ओढायचं की केसासारखी तार निघते, ती रेडिओची एरियल. मग पत्र्यांच्या जोडांच्या उठलेल्या रेघा जाऊन कोरलेल्या रेघा आल्या. सत्तरच्या दशकात मॅचबॉक्सने त्या इतक्या खोल कोरल्या की त्या कोरणाऱ्या अज्ञात कारागिराला इंग्रज मंडळींनी ‘वेडा खंदकवाला’ म्हणायला सुरुवात केली. त्याच सुमारास अमेरिकेत शेप पेन यांनी मोनोग्रामच्या खोक्यांत घातलेल्या पत्रकांतून मोडकं, मळकं, धुराने माखलेलं विमान कसं करायचं ते दाखवलं. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनने जीर्णपणाची जणू पाठशाळाच काढली. १९८९ साली चेक भूमीत सुरू झालेल्या एडुअर्डने आम्लाने कोरलेले पितळी पत्रे घरोघर पोचवले. आसनाचे पट्टे, त्यांची बक्कलं, यंत्रांच्या तबकड्या, सगळं नखाएवढ्या पत्र्यावर. ते जोडताना शिंक आली की संपलं.

रंग उडालेला दाखवायचा तर मीठ लागतं, अगदी स्वयंपाकघरातलं. आधी चंदेरी रंग, तो वाळल्यावर पाण्याचा हात, त्यावर चिमूटभर मीठ, वर हिरवा किंवा करडा रंग. वाळल्यावर अंगठ्याने मीठ झाडलं की खालचा चंदेरी पत्रा जागोजाग उघडा पडतो. कोरलेल्या रेघांत पातळ काळपट रंग सोडायचा, जादा पुसून घ्यायचा. शेजाऱ्यांना ते अगदी खरं वाटतं.

पण हिशोब मांडला तर हे सगळं खोटं आहे. पंखावरची ०.२ मिलिमीटरची रेघ बहात्तरपट केली तर १४ मिलिमीटरची फट होते. एवढी फट असती तर ते विमान धावपट्टीवरच ठेवलं असतं. १९४० च्या उन्हाळ्यात अनेक लढाऊ विमानं काही आठवडेच टिकली, रंग उडायला त्यांना सवड कुठली? हरिकेनच्या मागच्या अंगावर तर पत्राच नव्हता, लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड होतं. त्यावरही लोक रिबिटं कोरतात. मी सुद्धा एकदा कोरली होती, आणि मग लांबी भरून बुजवली.

सध्या माझ्या टेबलावर बडोदे आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या नावातच ‘बडोदा’ होतं, गायकवाडांच्या देणगीमुळे. १३२ क्रमांकाचं स्क्वॉड्रन तसंच ‘सिटी ऑफ बॉम्बे’. दोन्ही स्पिटफायर उडवत. बडोद्याच्या वाट्याला उंचावर लढणारी स्पिटफायर आली, पंखांची टोकं लांबवून अणकुचीदार केलेली. म्हणजे आकृती पुन्हा बदलली. शेजारी एक हरिकेन आहे, त्याच्या एअरफिक्सच्या खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं. २००६ मध्ये हॉर्नबीने ती कंपनी घेतल्यावर पुढच्या काही वर्षांत तिचे बरेच संच भारतातून तयार होऊन गेले.

तेव्हाचे जाणते वैमानिक सांगत की अडीचशे यार्डांच्या आत गेल्याशिवाय बंदुकीच्या बटणाला हात लावू नये. अडीचशे यार्ड म्हणजे साडेसातशे फूट. भागिले बहात्तर, जवळपास साडेदहा फूट. आमच्या हॉलच्या दारापासून खिडकीतल्या फळीपर्यंत टेपने मोजलं तर साधारण तेवढंच भरतं. परवा संध्याकाळी दोन्ही विमानं खिडकीत मांडली आणि दारात जाऊन उभा राहिलो. मागून उजेड येत होता. मिठाची करामत दिसेना, काळपट रेघा दिसेनात, पितळी बक्कलं तर नाहीच नाही. दोन काळे आकार तेवढे. बायको चहा घेऊन मागे येऊन थांबली होती. तिला विचारलं, ‘‘यातलं स्पिटफायर कुठलं?’’

‘‘दोन्ही सारखीच तर आहेत,’’ ती म्हणाली.