हजेरीची वही

गुन्हा शाबीत होण्याआधीच माणसाला गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याचे मूळ शोधू लागलो, तर आपण 1836 सालापाशी पोचतो. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने त्या वर्षी एक कायदा केला. ठगांच्या टोळीत सामील असणे एवढेच जन्मठेपेला पुरे झाले. अमुक खून अमक्याने केला, हे दाखवण्याची गरज उरली नाही. 12 ऑक्टोबर 1871 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला, तेव्हा टोळीच्या जागी अख्खी जमात आली. टोळीत माणूस निदान स्वतः शिरतो. जमातीत तो जन्म घेतो. हा फरक ज्यांच्या ध्यानात आला नाही, त्यांनीच पुढची ऐंशी वर्षे लाखो माणसांचे आयुष्य आखून दिले. आरंभी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबापुरता असलेला हा कायदा 1911 साली आपल्या मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, कंजारभाट, भामटा यांची नावे वहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले आणि गाव सोडायला परवाना लागू लागला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच उभी राहिली. तिथली माणसे दिवसा गिरणीत राबत आणि परतल्यावर हजेरी देत. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (1987) पोलिसांकडे हजेरी देणारे आजोबा भेटतात, ते याच राजवटीचे.

मुंबई राज्याने 1949 साली हा कायदा मोडीत काढला, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 साली. त्यांत जमातीचे नाव नव्हते, पण चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावरच जात राहिले. कायदा गेला, पण नजर तीच राहिली, असे माझे स्पष्ट मत आहे. तुरुंगांच्या नियमावल्यांतही ती नजर टिकून होती. अखेर 3 ऑक्टोबर 2024 रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. 1871 च्या त्या कायद्याला 153 वर्षे पुरी व्हायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.