लॅपटॉपला वाय-फाय मिळत नाही? ऑनलाइन अर्ज भरण्यापूर्वी हे तपासा

शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, घरकुल अशा बहुतेक योजनांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. अंतिम तारखेच्या दिवशी लॅपटॉपचे वाय-फाय बंद पडले, तर सर्व कागदपत्रे तयार असूनही अर्ज राहून जाऊ शकतो. यातील बऱ्याच अडचणी घरच्या घरी, पैसे खर्च न करता सुटतात. ही माहिती मुख्यतः विंडोज १० आणि विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. पडद्यावरील नावे बहुतांश लॅपटॉपवर इंग्रजीत दिसतात, म्हणून ती येथे तशीच, पण देवनागरीत दिली आहेत.

दोष कुठे आहे, ते आधी ओळखा

त्याच वाय-फायला तुमचा किंवा घरातील दुसऱ्या कोणाचा मोबाइल जोडून पाहा. त्यासाठी मोबाइलचा डेटा थोडा वेळ बंद ठेवा, नाहीतर इंटरनेट वाय-फायवरून येत आहे की सिमवरून, हे कळणार नाही. मोबाइलवरही इंटरनेट चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. दोष राउटरचा किंवा बाहेरच्या जोडणीचा आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. फायबरची जोडणी असेल आणि डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. अनेकदा तार तुटलेली असते. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या आणि अर्जासाठी दुसरी सोय पाहा.

मोबाइलवर इंटरनेट चालते आणि लॅपटॉपवर इतर सर्व संकेतस्थळे उघडतात, फक्त योजनेचे पोर्टल उघडत नाही, असे असेल तर वाय-फाय ठीक आहे. अंतिम तारीख जवळ आली की पोर्टलवर एकाच वेळी खूप अर्जदार येतात आणि ते संथ होते. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा. वाय-फायच्या सेटिंग्ज बदलून या अडचणीत काहीही फरक पडणार नाही.

वाय-फायचे चिन्हच दिसत नसेल तर

‘एअरप्लेन मोड’ चालू झालेला असणे हे सर्वात नेहमीचे कारण. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली जाते, विशेषतः लॅपटॉप लहान मुलांच्या हाती गेल्यावर. ती एकदा दाबून पाहा. काही लॅपटॉपवर तिच्यासोबत ‘एफएन’ कळ धरून ठेवावी लागते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला वाय-फायचे छोटे सरकते बटणही असते.

त्याने काम झाले नाही तर लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. येथे ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे पुरेसे नाही. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे शट डाउन करताना यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि बिघाडही त्याच्यासोबत परत येतो. रीस्टार्टमध्ये सर्व काही नव्याने सुरू होते.

तरीही चिन्ह आले नाही तर ‘स्टार्ट’ बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पाहा. वाय-फाय किंवा वायरलेस असे नाव असलेल्या ओळीवर खाली जाणारा बाण असेल तर ते उपकरण बंद केलेले आहे. उजवी क्लिक करून ‘एनेबल डिव्हाइस’ निवडा. पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारी प्रणाली, बिघडलेली असू शकते. ती पुन्हा घेण्यासाठी इंटरनेट लागते आणि इंटरनेट तर बंद आहे. यावरचा उपाय असा: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचे इंटरनेट वायरमधून लॅपटॉपला मिळेल. वायर फक्त चार्जिंगची नको, फोटो किंवा फाइल पाठवता येणारी हवी. मुदत संपत आली असेल तर दुरुस्ती नंतर करा, याच जोडणीवर आधी अर्ज भरा.

फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नसेल तर

जुने आणि स्वस्त लॅपटॉप बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय ओळखतात. नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर सुरू करू शकतात. मग शेजारच्या फोनला तो दिसतो, पण तुमच्या लॅपटॉपला दिसत नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये ‘बँड’ या ठिकाणी २.४ गिगाहर्ट्‌झ निवडा. दिसतो पण जोडला जात नाही, असे असेल तर तेथेच सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए३’ ऐवजी ‘डब्ल्यूपीए२’ करून पाहा.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

मराठीत अर्ज भरणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. मराठी टंकलेखनासाठी कीबोर्ड देवनागरीवर ठेवलेला असतो आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्यामुळे आपण देवनागरी अक्षरे टाकत आहोत हे लक्षात येत नाही. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून काय टंकले गेले ते पाहा. ‘कॅप्स लॉक’ही तपासा.

राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा वापरत राहतो. ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ या क्रमाने जाऊन ‘फरगेट’ निवडा. याचे मराठी भाषांतर ‘विसरा’ असे होते आणि ते वाचून अनेक जण घाबरतात. पण येथे फक्त साठवलेला पासवर्ड पुसला जातो, तुमच्या फाइल सुरक्षित राहतात.

जोडले गेले, पण इंटरनेट नाही

घड्याळाकडे पाहा. लॅपटॉप अनेक महिने बंद राहिला तर त्याची तारीख काही वर्षे मागे जाऊ शकते. ब्राउझर लॅपटॉपच्या तारखेवरून सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राची वैधता तपासतो, त्यामुळे चुकीच्या तारखेला डिजीलॉकर, बँक, योजनेचे पोर्टल असे काहीच उघडत नाही आणि जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना येते. तारीख व वेळ दुरुस्त करून पान पुन्हा उघडा. तारीख बरोबर असूनही अशी सूचना आली, तर मात्र त्या जोडणीवर आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती भरू नका.

हॉटस्पॉट वापरत असाल तर दिवसाचा डेटा संपला आहे का, तेही पाहा. विंडोज स्वतःचे अपडेट मागच्या मागे उतरवते आणि सकाळचा डेटा दुपारपर्यंत संपतो. त्या जोडणीच्या सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केल्यास हा खर्च बराच कमी होतो.

सार्वजनिक वाय-फायवर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी विचारणारे पान आधी यावे लागते. ते आले नाही तर जोडणी तोडून पुन्हा जोडा आणि व्हीपीएन चालू असल्यास बंद करा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीही परवान्याशिवाय असे वाय-फाय देऊ शकते. त्यासाठी फोनवर पीएम-वाणीचे ॲप घ्यावे लागते. फोन वाय-फायला जोडून वर सांगितलेले यूएसबी टेदरिंग केल्यास बहुतेक अँड्रॉइड फोनमधून तेच इंटरनेट लॅपटॉपला मिळते.

शुल्क भरताना जोडणी तुटली तर

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बँकेच्या संदेशात पाहा, मग पोर्टलवर पुन्हा लॉगिन करून शुल्काची स्थिती तपासा. ‘वाय-फाय दुरुस्त करून देतो, स्क्रीन शेअर करणारे ॲप घ्या’ असा फोन आल्यास बंद करा. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवा.

यांपैकी कशानेच काम झाले नाही तर

‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा उपाय आहे. त्याने साठवलेले सर्व वाय-फाय पासवर्ड जातात, म्हणून ते आधी कागदावर लिहून घ्या. शासनाकडून मिळालेला लॅपटॉप वॉरंटीत असेल तर तो बाहेर उघडू देऊ नका. खालच्या बाजूचा अनुक्रमांक टिपून कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्या. दरम्यान अर्ज जवळच्या केंद्रातून भरता येईल: महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्र, कर्नाटकात ग्राम वन, मध्य प्रदेशात एमपी ऑनलाइन कियॉस्क आणि देशभर सीएससी. जाताना ओटीपी येणारा मोबाइल आणि स्कॅन केलेली कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घेऊन जा, आणि भरलेल्या अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका.