मोदक, सातवाहन आणि आमची नात

आमची नात सात वर्षांची आहे. तिला रात्री गोष्ट सांगायची म्हणजे मला हल्ली कोर्टात साक्षीला उभं राहिल्यासारखं वाटतं. समोर नात उलटतपासणी घेते आणि स्वयंपाकघरातून सूनबाई हरकती नोंदवतात.

परवा मी चिमणी-कावळ्याची गोष्ट काढली. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, इथपर्यंत ठीक चाललं होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "बाबा, तो तव्यावरचा चटका सांगू नका हं. रात्री दचकून उठते ती." मी मुकाट्याने चटका वगळला. चिमणीने पहिल्या हाकेला दार उघडलं, कावळ्याला कोरडा टॉवेल दिला, कावळा आलं घातलेला चहा पिऊन घरी गेला.

नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मग यात गोष्ट कुठे आहे?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण गोष्टी कापण्याचा, जाळण्याचा आणि उरलेल्या वाचवण्याचा धंदा मात्र फार जुना निघाला, आणि त्याचा थोडा संबंध आमच्या जुन्नरशी आहे.

तुम्ही म्हणाल, जुन्नरचा माणूस बोलायला लागला की पहिल्या वाक्याला शिवनेरी येणार. नाही, आज शिवनेरी नाही. आज नाणेघाट. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरवर, कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. कुठल्या यज्ञाला किती गाई दिल्या, किती कार्षापणं दिली, सगळा हिशेब भिंतीवर आकड्यांसकट. मागच्या भिंतीवर त्या घराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, खुद्द नागनिका, सातकर्णी. आज वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधला माणूस गायब. शाळेच्या सहलीत गुरुजींनी ते दाखवलं तेव्हा आम्ही पोरं डब्यातल्या दशम्या मोजत होतो. इतिहास पायाशी होता आणि लक्ष पोटाशी, हे माझ्या बाबतीत पुढेही फारसं बदललं नाही.

तर याच सातवाहन नावाच्या एका राजाची गोष्ट 'कथासरित्सागरा'त आहे. राजा प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एकदा तो राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाणी उडवून उडवून दमलेली एक राणी त्याला संस्कृतात म्हणाली, "मोदकैः". तिला म्हणायचं होतं, 'मा उदकैः', पाण्याने मारू नका. राजाचं व्याकरण माझ्याइतकंच. त्याने तातडीने मोदक मागवले! राणी हसली, आणि राजाने अंथरूण धरलं.

(जुन्नर तालुक्यात लेण्याद्री आणि ओझर असे दोन अष्टविनायक असल्यामुळे आमच्याकडे वेळीअवेळी मोदक मागवणाऱ्याला कोणी हसत नाही. राजाने आमच्याकडे यायला हवं होतं.)

पुढे दरबारात पैज लागली. गुणाढ्य पंडित म्हणाला, व्याकरण शिकवायला सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो, नाहीतर बारा वर्षं तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. झटपट शिकवणीचे वर्ग हा आपल्याकडचा नवा शोध नव्हे. गुणाढ्य चिडून म्हणाला, हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन. शर्ववर्म्याने ते जमवलं. बिचारा गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात गेला, तिथे पिशाचांची भाषा शिकला आणि त्या भाषेत स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली.

राजाने ती नाकारली. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची. आमच्या सूनबाईंनीही नाकारली असती. मग गुणाढ्याने रानात अग्निकुंड पेटवलं. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून रडत ऐकत राहिली, वाळून गेली. तसल्या वाळक्या शिकारीचं मांस खाऊन राजा आजारी पडला. चौकशी करत करत तो रानात पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख उरले.

ही अर्थातच गोष्ट. पण 'बृहत्कथा' मुळातून आज कुठेच मिळत नाही, हे खरं आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी ती संस्कृतात पुन्हा सांगितली, तोच 'कथासरित्सागर'. विक्रम-वेताळाच्या ज्या गोष्टी आम्ही 'चांदोबा'त वाचल्या, त्याही त्यात आहेत. म्हणजे मी लहानपणी परीक्षेच्या पुस्तकात लपवून जे वाचत होतो ते सातवाहनांच्या नावाने आलेलं उरलंसुरलं होतं. वडिलांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर एक मार वाचला असता.

दर वेळी कोणीतरी उशिरा पोचतो आणि उरलेलं वाचवतो. कधी तो परकाही असतो. मुंबईच्या गव्हर्नराची मुलगी मेरी फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिच्या अॅना डिसूझा नावाच्या आयेने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सांगितल्या. त्यांचं पुस्तक १८६८ साली लंडनला निघालं. पुढे १९१४ साली किंकेड नावाच्या आय.सी.एस. साहेबाने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत छापल्या. चित्रं आपल्या धुरंधरांची. गंमत म्हणजे साहेबाने आटपाट हे त्या गावाचं नावच धरलं! मी हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की लहानपणी मीही तेच धरलं होतं. आटपाटला एस.टी. कुठून सुटते, असं मी आईला विचारलं होतं.

आई म्हणाली होती, "आपल्या आंबेगावावरनं."

आईचं माहेर आंबेगाव. तिच्या सगळ्या गोष्टी तिथेच घडायच्या. राक्षस भीमाशंकरच्या रानातून यायचा आणि राजकन्या घोडनदीवर धुणं धुवायची. ते आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव अजून आंबेगावच, कचेरी मात्र घोडेगावला. नाणेघाटासारखंच, नाव वर आणि गाव नाही. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या खुणा तेवढ्या डोकं वर काढतात.

आईच्या गोष्टी मी लिहून ठेवल्या नाहीत. नोकरी होती, मग पेन्शनीचे कागद होते. परवा वही घेऊन बसलो तर पुऱ्या तीन आठवल्या, आणि एक अर्धी. वहिनी नणंदेला चाळणी देते आणि म्हणते, यातून घोडनदीचं पाणी आण. पोर काठावर बसून रडते. तेव्हा नदीतून कोणीतरी बाहेर येतं. कोण येतं? मासा? कासव? मला आठवेना. विचारायला आई नाही, मावशी नाही, आणि गावही नाही.

चहावाल्या कावळ्यानंतर नातीचा विश्वास परत मिळवायचा म्हणून मी ती अर्धीच गोष्ट सांगितली. चटक्यासकट. वहिनीची एकही शिवी गाळली नाही. आतून हरकत आली नाही. पाहिलं तर सूनबाई हात पुसत दारात उभ्या होत्या.

"मग नदीतून कोण आलं?" नातीने विचारलं.

"विसरलो गं."

"असं कसं विसरलात?" ती रागावली. मग स्वतःच विचार करून म्हणाली, "कोणीच नाही आलं. नदीच आली. ती म्हणाली, रडू नकोस, मी येते तुझ्या घरी. आणि सगळी नदी त्यांच्या घरात आली."

"मग वहिनी?"

"वहिनीपण बुडाली. घरपण. सगळं गावच."

डिंभ्याचं धरण मी तिला अजून दाखवलेलं नाही.

ती झोपली. सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, आत्यांच्या गोष्टी पण लिहून घ्या ना. फोन करू का?" मी वही उघडली, अर्ध्या गोष्टीखाली नातीचा शेवट लिहिला आणि तारीख घातली. मग म्हटलं, "करा. पण आधी चहा टाका. कावळ्याला मिळाला, मला नाही."