कृष्णविवरांच्या मिती : मद्रास, काशी आणि बंगळूर

मरीना किनाऱ्यासमोरील प्रेसिडेन्सी कॉलेजची घुमटाची तांबडी इमारत आपण चेन्नईकर मराठी मंडळी येता-जाता पाहतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेथेच शिकले. १९३० च्या जुलैअखेरीस ते मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असलीच पाहिजे, हे त्या प्रवासात त्यांनी गणिताने ताडले. आजच्या हिशेबाने ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. त्याहून जड अवशेष कोसळत गेला तर त्याचे कृष्णविवर होऊ शकते. १९८३ साली, नोबेल पारितोषिकाच्याच वर्षी, कृष्णविवरांवरील त्यांचा गणिती ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युतभार नसलेल्या स्थिर कृष्णविवराचे वस्तुमान व कोनीय संवेग हे दोन आकडे कळले, की त्याविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही. या साधेपणाचे त्यांना मोठे अप्रूप होते.

परंतु हा साधेपणा गुरुत्वाकर्षणाचा, की लांबी, रुंदी, उंची आणि काळ या आपल्या चार मितींचा? आइन्स्टाइनची समीकरणे मितींची संख्या ठरवून देत नाहीत. टँघर्लिनी यांनी १९६३ साली अधिक मितींतील न फिरणारे कृष्णविवर मांडले. मायर्स व पेरी यांनी १९८६ साली फिरणारे.

याच वाटेवर मराठी वाचकाला एक घरचा धागा सापडतो. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर (जयंतरावांचे वडील) काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवीत. त्यांच्यापाशी अभ्यासाला आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली, प्रकाश फेकीत वस्तुमान गमावणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे उत्तर प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याचे नाव जगभर झाले, गुरूचे मात्र क्वचितच घेतले जाते! हेच उत्तर बंगळूरच्या बाला अय्यर व विश्वेश्वरा यांनी १९८९ साली अधिक मितींत नेले.

मूळ प्रश्नाचा निकाल २००२ साली लागला. एम्पारान व रीअल यांनी पाच मितींत बांगडीच्या आकाराचे कृष्णवलय दाखविले. बांगडी फिरत असल्याने स्वतःत कोसळत नाही. तिचे वस्तुमान व कोनीय संवेग एखाद्या गोलसर कृष्णविवराइतकेच असू शकतात. म्हणजे पाच मितींत ते दोन आकडे पुरत नाहीत. पाचवी मिती प्रत्यक्षात कोणाला आढळलेली नाही. पण चंद्रशेखरांना भावलेली ती एकमेवता चार मितींची देणगी आहे, हे त्या बांगडीने सिद्ध केले. ते स्वतः १९९५ सालीच निवर्तले होते.