पिंजरा गेला, फीडर आला

ब्रिटनमध्ये वसंत ऋतूत घरामागच्या बागेत दाण्यांची नळकांडी, म्हणजे फीडर, टांगायची आणि खिडकीशी बसून त्यांवर येणारी गाणारी पाखरं पाहायची, ही रीत भूतदयेतून जन्मली असं सहसा सांगितलं जातं. पुरावाही तसाच आहे. १८७६ मध्ये न्यूकॅसलच्या एका साप्ताहिकाने मुलांसाठी ‘डिकी बर्ड सोसायटी’ काढली. सभासदाला पाखरांवर दया करण्याचं आणि हिवाळ्यात त्यांना खाऊ घालण्याचं वचन द्यावं लागे. १८९०-९१ च्या कडाक्याच्या थंडीत वर्तमानपत्रांनी मोठ्यांनाही तेच आवाहन केलं, आणि १९१० मध्ये ‘पंच’ या साप्ताहिकाने पाखरांना दाणे घालणं हा राष्ट्रीय विरंगुळा ठरवून टाकला. पण दयेने या रिवाजाची सुरुवात समजते, तो हिवाळ्यानंतरही का टिकला हे समजत नाही. एप्रिलात जुन्या बिया संपलेल्या आणि नव्या धरायच्या असतात, म्हणून तेव्हाही दाणे लागतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. तरीही जून उजाडतो, रानात बी आणि अळ्या मुबलक होतात, आणि नळकांडी काही उतरत नाहीत. गरज पाखराची कमी आणि पाहणाऱ्याची जास्त, असं म्हणणं भाग आहे. आणि पाहणाऱ्याची ही हौस फीडरहून फार जुनी आहे.

तिचं पहिलं घर म्हणजे पिंजरा. लाल तोंडाचा, पंखावर पिवळा पट्टा असलेला गोल्डफिंच युरोपात शतकानुशतकं पाळला गेला. त्याला एक करामत शिकवत: साखळीला बांधलेलं इवलंसं भांडं चोचीने वर ओढायचं, पायाखाली दाबून धरायचं आणि पाणी प्यायचं. डच चित्रकार फाब्रिशियसने १६५४ मध्ये रंगवलेला गोल्डफिंच असाच साखळीने जखडलेला आहे. मागणी एवढी, की १८६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या एकट्या वर्दिंग गावाच्या परिसरात वर्षाला १,३२,००० गोल्डफिंच पकडले जात असल्याची नोंद आहे. पुढे १९३३ च्या कायद्याने रानातून धरलेली पाखरं विकायला बंदी आली. बाजार बंद झाला, हौस मात्र कायद्याने थोडीच जाते!

ती कुठे गेली, हे याच पक्ष्याच्या नोंदींत दिसतं. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था १९७० पासून बागेतल्या फीडरांवरच्या पक्ष्यांची नोंद ठेवते. १९७२ मध्ये जेमतेम आठ टक्के बागांत दिसणारा गोल्डफिंच आता ऐंशी टक्क्यांहून अधिक बागांत येतो. मधल्या काळात बाजारात बारीक फटींची नळकांडी आली, आणि त्यांत भरायला आले आपले कारळे. होय, नाशिककडच्या डोंगराळ शेतांत पिकणारी आणि आपण चटणीला कुटतो ती काळी खुरासणी. भारत आणि इथियोपियातून ती पाश्चात्त्य बागांकडे रवाना होते. एवढ्या अरुंद फटीतून एवढं बारीक बी काढायला गोल्डफिंचची निमुळती चोचच हवी. चिमण्या तिथे हात टेकतात. म्हणजे हे साधन दिसेल त्या भुकेल्यासाठी घडवलेलं नाही, हवा तोच पाहुणा यावा म्हणून घडवलेलं आहे. गोल्डफिंचची एकूण संख्याच वाढली, त्याला फीडर काय करणार, असं विचारता येईल. संख्या वाढली हे खरं, पण वाढलेला पक्षी खिडकीपर्यंत का आला याचं उत्तर त्यात मिळत नाही.

पिंजऱ्यातला पक्षी कैदी आणि फीडरवरचा मोकळा, हा फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मोकळा म्हणजे अबाधित नव्हे. एकाच फीडरवर गर्दी झाली की रोग पसरतो. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच पक्षी मरू लागले. घसा सुजतो, घास उतरत नाही, पाखरू चघळलेला दाणा तिथेच टाकतं आणि तो दुसरं उचलतं. संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या धोक्याच्या लाल यादीत ग्रीनफिंचचं नाव गेलं. यावर फीडरच बंद करा म्हणणारे आहेत. मला ते टोकाचं वाटतं: पाहण्यातूनच तर पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदी जमल्या, आणि ही साथही त्यामुळेच वेळेत ध्यानात आली. पण पाहण्याची हौस आपली असेल तर भांडं घासण्याची जबाबदारीही आपलीच. पक्षिरक्षणासाठी झगडलेल्या रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्सने २०२५ च्या सुरुवातीला सपाट फळीच्या फीडरांची विक्री थांबवली, ती रोगाच्या याच धोक्यामुळे.