लेबलावरचा मजकूर : एका छोट्या ब्रुअरीची कथा

नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश फौजेचा तळ होता. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन्‌महिने पडून राहत, आणि उन्हाने व कंटाळ्याने त्यांतील काहींचे डोके फिरे. त्यावरून 'डूलाली टॅप' हा प्रयोग शिपायांच्या बोलीत रूढ झाला. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि 'डूलाली' एवढाच शब्द वेडसर या अर्थाने इंग्रजीत उरला. २००९ साली पुण्यात एक छोटी ब्रुअरी सुरू झाली, तिने नेमका हाच शब्द नाव म्हणून घेतला. देवळालीचे नाव असे इंग्रजी वळसा घालून पुन्हा महाराष्ट्रात आले.

बिअर हा आमच्या अध्यापनाचा विषय नव्हे, पण नाव आणि वस्तू यांचे नाते हा निश्चितच आहे. छोट्या ब्रुअरीपाशी जाहिरातीला पैसा नसतो, आणि आपल्याकडे तर मद्याच्या जाहिरातीला कायद्याचीच आडकाठी. उरते ते नाव, लेबल आणि त्यामागची कथा. म्हणजे मजकूरच. या मजकुराचे सामर्थ्य व त्याची मर्यादा सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

अँकर हे नाव १८९६ पासूनचे. १९६५ साली ती बंद पडण्याच्या बेतात असताना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने तिचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. घराणे धुलाईयंत्रांच्या कारखानदारांचे, शिक्षण मात्र स्टॅनफर्डला अमेरिकन साहित्याचे. (आमच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी!) येथे आजचा विपणन-सल्लागार प्रथम नवे बोधचिन्ह सुचवील. मेटॅग सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. जुनी भांडी, अस्वच्छता आणि जंतुसंसर्ग यांमुळे तेथली बिअर वारंवार आंबूस निघे. ती सुधारण्यात वर्षे गेली आणि बाटली बाजारात आली ती १९७१ साली. लेबलावर शहराचे नाव आणि १८९६ हे साल ठळकपणे मिरवता आले, कारण आतला पदार्थ तोवर त्या सालाला साजेसा झाला होता. अँकरच्या यशाचे वर्णन करताना ही मधली सहा वर्षे बहुधा गाळली जातात. आमच्या मते कथेचा गाभा तीच आहेत.

त्यानंतरचे काम लेखकाचे म्हणावे असे आहे. १९७५ साली पॉल रिव्हिअरच्या घोडदौडीला दोनशे वर्षे झाली, तिच्या स्मरणार्थ 'लिबर्टी एल' निघाली. त्याच वर्षापासून नाताळची खास बिअर दरसाल येऊ लागली : दर वर्षी पाककृती वेगळी आणि लेबलावर वेगळे झाड. जिम स्टिट या चित्रकाराने ही झाडे दीर्घकाळ काढली. ग्राहक ती लेबले जपून ठेवीत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९८९ साली तर मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांच्या साहाय्याने अँकरने निन्कासी या सुमेरियन देवतेच्या स्तोत्रावरून बिअर बनवली. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या त्या स्तोत्रात देवतेची स्तुती आणि बिअरची कृती एकजीव झाली आहे. मिगेल सिव्हिल यांनी १९६४ साली त्याचा अनुवाद केला होता. अनुवाद प्रमाण मानून कुणी प्रत्यक्ष भट्टी लावावी, हे भाग्य किती अनुवादकांच्या वाट्याला येते?

पण याच कथेत एक गोष्ट आम्हांला खटकते. अँकरची मुख्य बिअर 'स्टीम बिअर' म्हणून ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकात बर्फाच्या अभावी थंडाव्यात आंबणारे लॅगर यीस्ट उबदार हवेतच वापरून जी बिअर पश्चिम किनाऱ्यावर होई, तिचे हे सामान्यनाम. अनेक ब्रुअऱ्या ती करीत. टिकली एकटी अँकर. १९८१ साली मेटॅगने या नावाचा ट्रेडमार्क घेतला. तेव्हापासून त्याच पद्धतीने बिअर करणारे इतर लोक तिला 'कॅलिफोर्निया कॉमन' म्हणतात. सामान्यनामाचे असे विशेषनाम झाले. मरणाऱ्या शब्दाला ज्याने जगवले त्याचा त्यावर हक्क पोचतो, असा युक्तिवाद करता येईल आणि आमच्यापैकी काहींना तो मान्यही आहे. उरलेल्यांचे म्हणणे असे, की बोलीतला शब्द दस्तऐवजात गेला की तो विक्रीयोग्य होतो. व्यापारचिन्हाला एवढा मान का, असे कुणी विचारल्यास बास या बिअरचा लाल त्रिकोण आठवावा. १८७६ साली ब्रिटनमध्ये नोंदलेले ते पहिले व्यापारचिन्ह, आणि मानेच्या १८८२ च्या प्रसिद्ध चित्रात तो बारच्या काउंटरवरील बाटल्यांवर दिसतो. असो.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. २०१० साली मेटॅगने ब्रुअरी विकली. २०१७ साली ती जपानच्या सापोरो कंपनीकडे गेली. २०२१ साली हाताने रेखल्यासारखी जुनी लेबले काढून सपाट, भडक रंगांची नवी लावली गेली, तेव्हा जुन्या ग्राहकांनी जाहीर संताप व्यक्त केला. जुलै २०२३ मध्ये ब्रुअरी बंद करण्याची घोषणा झाली. लेबलामुळे ती बुडाली असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. कोविडचा फटका आणि घटती विक्री होतीच. परंतु जे ग्राहक पडत्या काळात पाठीशी राहिले असते, त्यांना ओळख पटेल अशी एकमेव खूण त्याआधीच पुसली गेली होती. २०२४ साली दह्याच्या व्यवसायातील हमदी उलुकाया यांनी इमारत, यंत्रे आणि पाककृती विकत घेतल्या. 'स्टीम' या शब्दावरचा हक्कही त्याच सौद्यात गेला.