तिसरा डोळा, मेंदूतली वाळू आणि आपला हातपंप

मागच्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. वय चौसष्ट. गेल्या दिवाळीत अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बघतो तर पाकिटं तशीच पडलेली. विचारलं तर म्हणाली, "अरे, त्या गोळ्यांनी मेंदूतली ग्रंथी दगड होते म्हणे. आज्ञाचक्र बंद पडतं. ग्रुपवर व्हिडिओ आला होता, पाठवू का तुला?" दूधही बंद केलं होतं. टूथपेस्ट जाऊन राखुंडी आली होती.

तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेंदूतली पिनियल ग्रंथी म्हणजेच शंकराचा तिसरा डोळा. हे ऋषींना माहीत होतं. आता दूध, कॅल्शियमच्या गोळ्या आणि पेस्टमधलं फ्लोराइड यांनी तिच्यावर चुन्याचा थर बसवला जातोय. यात खरं एवढंच की या ग्रंथीत कॅल्शियमचे कण साठतात, आणि फ्लोराइडही सापडतं. पण बाकीचं त्याला कधी आणि कसं चिकटलं, ते मी जरा शोधत बसलो. जे हाती लागलं ते फार जुनं आहे, आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबतं. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

पिनियल ही मेंदूच्या मध्यभागी असलेली, वाटाण्याहूनही लहान ग्रंथी. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने तिचं वर्णन केलंय. चिलगोज्याच्या बीसारखा आकार, म्हणून तसं नाव. गेलेनला तिच्यात गूढ काही वाटलं नव्हतं. गूढ आणलं ते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने. १६४९ च्या आपल्या ग्रंथात त्याने आत्म्याचं मुख्य ठाणं इथे आहे असं लिहिलं. कारण काय, तर मेंदूतले बाकीचे भाग जोडीने आहेत आणि ही एकटीच आहे. वीसेक वर्षांच्या आतच स्टेनो या शरीररचनातज्ज्ञाने देकार्तचं मेंदूचं वर्णन प्रत्यक्षाशी जुळत नाही हे दाखवून दिलं. पण आत्म्याची गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

आता ते खडे. वैद्यकात त्यांना 'मेंदूतली वाळू' असंच म्हणतात. ही वाळू मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटची, म्हणजे हाडं आणि दात ज्याचे बनतात साधारण त्याच खनिजाची. १७८५ साली झ्योमरिंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने यावर आख्खा प्रबंध लिहिला. असे खडे निरोगी माणसाच्या मेंदूतही असतात, हे त्याला दिसलं होतं.

१७८५ हे साल लक्षात ठेवा. तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती, कॅल्शियमच्या गोळ्या नव्हत्या, पाकिटातलं खाणं नव्हतं. नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात, १९४५ साली. वाळू त्याच्या किमान दीडशे वर्षं आधीपासून नोंदलेली आहे.

विसाव्या शतकात तर डॉक्टरांना या वाळूचा उपयोगच झाला. सीटी स्कॅन येण्याआधी, म्हणजे १९७१ च्या आधी, कवटीच्या साध्या एक्स-रेत ही वाळू पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसायची. तो ठिपका मधल्या रेषेवरून सरकलेला दिसला की डॉक्टर ओळखायचे, एका बाजूला गाठ किंवा रक्तस्राव असणार. आजही स्कॅनमध्ये निम्म्याहून जास्त प्रौढांत ती सापडते. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. वाळू जास्त असलेल्यांत झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, कमी बनतं का, यावर संशोधन चालू आहे आणि काही अभ्यासांत तसा संबंध दिसलाही आहे. पण दूध प्यायल्याने किंवा कॅल्शियमची गोळी घेतल्याने ही वाळू साचते, असा भरवशाचा पुरावा नाही.

मग तिसरा डोळा कुठून आला? इथे गंमत आहे. १८८६ साली दोन प्राणिशास्त्रज्ञांनी, ग्राफ आणि स्पेन्सर यांनी, सरड्यांसारख्या काही प्राण्यांच्या डोक्यावर खरोखरच डोळ्यासारखा अवयव असतो हे दाखवलं. त्याचं पिनियलशी नातं आहे. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथात लिहिलं की प्राचीन मानवाला तिसरा डोळा होता आणि आजची पिनियल हा त्याचा अवशेष. या बाई १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरल्या, गिरगावात राहिल्या, 'द थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईतूनच सुरू केलं आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेल्या. म्हणजे आपण ज्याला ऋषींचं ज्ञान म्हणून पुढे पाठवतोय, ती जुळवाजुळव एकोणिसाव्या शतकातली आहे. आज्ञाचक्राची कल्पना जुनी आहे, आपली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिला या ग्रंथीचा पत्ता चिकटवला तो अलीकडे.

ग्रंथीचं खरं काम कळायला १९५८ उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ लर्नर यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या हजारो गुरांच्या ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळं काढलं. ते शोधत होते त्वचेच्या रंगाबद्दल, हाती लागलं रात्रीच्या अंधाराची शरीराला वर्दी देणारं संप्रेरक.

आता फ्लोराइड. व्हिडिओत ज्या संशोधनाचा हवाला असतो ते जेनिफर ल्यूक यांचं, २००१ साली प्रसिद्ध झालेलं. ते खरं आहे. ११ वयस्कर मृतदेहांच्या पिनियल त्यांनी तपासल्या. सरासरी एका किलोला जवळपास ३०० मिलिग्रॅम फ्लोराइड सापडलं, तर त्याच देहांच्या स्नायूंत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. जिथे कॅल्शियम जास्त तिथे फ्लोराइड जास्त. पण हे फक्त ग्रंथीचं मोजमाप होतं. वाळू फ्लोराइडमुळे झाली, किंवा त्याने माणसाचं अमुक बिघडलं, असं त्यात सिद्ध झालेलं नाही.

त्यातून एक गोष्ट मात्र नक्की कळते: फ्लोराइड कॅल्शियमला चिकटतं. आणि शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. फ्लोराइडची भीती बाळगायचीच असेल, तर बघायचं तिथे.

तो इतिहास इथलाच आहे. १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातल्या रुग्णांबद्दल शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं. पाठ ताठ, मान वळत नाही, सांधे धरलेले, माणूस चाळिशीत म्हातारा. कारण विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड. १९४० मध्ये डॉ. चिं. गो. पंडित आणि सहकाऱ्यांनी पुढचा अभ्यास केला. हेच पंडित पुढे आयसीएमआरचे पहिले संचालक झाले. त्यांना दिसलं की गरीब आणि निकृष्ट आहार असलेल्या लोकांत आजार जास्त तीव्र होतो.

१९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी नागार्जुनसागर धरणाच्या परिसरातली तरुण मुलं दाखवली. गुडघे आत वळलेले, हाडं ठिसूळ. पाण्यात फ्लोराइड आणि ताटात कॅल्शियम कमी. खाणं मुख्यतः ज्वारीचं. यात ज्वारीला बोल लावायचं कारण नाही. भाकरीसोबत दूध, ताक, पालेभाजी नसणं हा मुद्दा होता.

म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीपासूनचा धडा असा की फ्लोराइडच्या पाण्यात कॅल्शियम शत्रू नाही, ढाल आहे. पोटात कॅल्शियम असेल तर फ्लोराइड त्याला धरून बऱ्याच प्रमाणात बाहेर पडतं. जमिनीखालीही तेच घडतं. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, तिथे फ्लोराइड फार विरघळून राहू शकत नाही. आणि आपले लोक नेमकी ढालच टाकून देतायत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, शेजारच्या चंद्रपूर आणि नांदेडमध्ये जास्त फ्लोराइडची गावं आहेत. आपल्याकडे हातपंप वाढले ते मुख्यतः १९७२ च्या दुष्काळानंतर. उघड्या विहिरीच्या गढूळ पाण्यापेक्षा बोअरचं पाणी स्वच्छ, हे खरंच होतं, त्याने कितीतरी जीव वाचले. पण खोल खडकातलं पाणी आपल्यासोबत खडकातलं फ्लोराइडही घेऊन येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर जात नाही, उलट पाणी आटून जास्त दाट होतं.

उपायही इथलाच आहे. आपल्या नागपूरच्या नीरीने १९७० च्या दशकात 'नलगोंडा पद्धत' काढली: तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. पद्धत स्वस्त आहे, पण रोज कुणीतरी करावी लागते. आणि घोडं तिथेच अडतं. एका गावात मी पाणी शुद्ध करायची टाकी बघितली. उद्घाटनाची पाटी चकचकीत, यंत्राला कुलूप. गावकरी म्हणाले, फिल्टर बदलायला कुणी आलंच नाही. त्याच गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. त्यांच्यासाठी कुणी व्हिडिओ बनवत नाही.

मावशीला मी एवढंच म्हणालो, की गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचार, ग्रुपला नको. ती गेली, विचारून आली, गोळ्या सुरू केल्या. राखुंडी मात्र सोडली नाही, तो तिचा हट्ट. पण परत येताना तिनेच विचारलं, "आमच्या बोअरचं पाणी कधी कुणी तपासलंय का रे?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून ही विनंती. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपापल्या गावात एकच प्रश्न विचारा: पिण्याच्या पाण्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल कुठे आहे? जंतूंच्या तपासणीचा नव्हे, रासायनिक. त्यात फ्लोराइडचा आकडा बघा. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर असेल तर ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरायचं नाही, आणि दुसरी सोय करून द्यायची जबाबदारी कुणाची, हे तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घ्यायचं.